कडुबाचं मशीन आणि सव्वादोनची बांगडी

कडुबाला कोणतीही वस्तू नुसत्या डोळ्यांनी पटत नाही. तिला हात लावायचा, दाबायची, वाजवून पाहायची, आणि मालकाची नजर चुकली तर हुंगूनही पाहायची, तेव्हा कुठे त्याची खात्री होते. हर्सूलचा तलाव मागे टाकून सिल्लोडच्या रस्त्याला लागलं की पुढे त्याचं गाव आहे. त्या गावात कुणी कलिंगड निवडायला फार वेळ लावू लागला, तर मागचा माणूस विचारतो, "का रे, कडुबा झालास का?" त्याच्या आईची आधीची दोन लेकरं वाचली नव्हती. हे तिसरं तरी यमाला गोड लागू नये म्हणून तिनं त्याचं नाव कडुबा ठेवलं. यमाला तो कडू लागला की नाही ठाऊक नाही, दुकानदारांना मात्र लागतो.

त्याच्या मुलासाठी, कृष्णासाठी, मुलगी पाहायला गेले तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. सगळी मंडळी बैठकीत पोहे खात मुलीला शिक्षण विचारत होती आणि कडुबा गोठ्यात जाऊन होणाऱ्या व्याह्यांच्या कडबाकुट्टीच्या मशीनचं पातं अंगठ्यानं तपासत होता. पात्याला धार होती, बोल्टांना वंगण होतं, खाली सांडलेला चारा झाडून गोळा केलेला होता. परत येऊन त्यानं सांगितलं की घर चांगलं आहे, पुढचं बोला. रूपाली सून होऊन आली त्याला आता बरीच वर्षं झाली. आपण कुट्टीच्या पात्यावर पास झालो, हे ती माहेरच्या पाहुण्यांना अजून हसत सांगते.

ट्रॅक्टर भाड्यानं देणं हा कडुबाचा धंदा. स्वतःचं कोरडवाहू रान आहे, पण ते कधीच पोटाला पुरलं नाही. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा एक लाल ट्रॅक्टर, त्याच्यामागे कधी नांगर, कधी रोटाव्हेटर, कधी मळणीयंत्र, एवढ्यावर त्यानं लेकीचं लग्न केलं, कृष्णाला आयटीआयला घातलं. कडुबाचा ट्रॅक्टर म्हटलं की आसपासच्या गावांत वेगळी ओळख द्यावी लागत नसे. मग हळूहळू ज्याच्या त्याच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला. ज्यांची रानं कडुबा नांगरायचा त्यांची पोरं आता स्वतःच नांगरू लागली, आणि नांगरून झाल्यावर शेजाऱ्याचंही नांगरून देऊ लागली. कडुबाचा ट्रॅक्टर दारातल्या लिंबाखाली इतका उभा राहू लागला की चिमण्यांनी त्याच्या सीटवर आपापल्या जागा ठरवून टाकल्या.

कृष्णा शेंद्र्याला एका कंपनीत कामाला आहे. बापाला घरी बसलेला बघून त्यानं तिथल्या ठेकेदाराशी बोलून ठेवलं. गेटवरची जागा होती. काचेच्या केबिनमध्ये खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवायचं. कृष्णानं हे प्रेमानंच केलं होतं. पण ज्या माणसाचे हात दिसेल त्या वस्तूला लागतात, त्याला काचेमागे बसवून नुसतं बघायला लावायचं म्हणजे काय, हे कडुबालाच कळत होतं. दिवाळी झाल्यावर त्यानं कृष्णाकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. तेवढ्यात ट्रॅक्टरला नवं काम लागलं तर ठीक, नाहीतर निमूटपणे निळा गणवेश घालायचा, असं बापलेकांत ठरलं.

नवं काम कोणतं, हे कडुबाच्या डोक्यात पक्कं होतं. फांद्यांचा भुगा करणारं मशीन त्यानं एका कृषी प्रदर्शनात पाहिलं होतं. ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडतात तसंच ते जोडायचं. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, ज्याला सगळे पीटीओ म्हणतात, त्याची पाती फिरतात. तोंडात फांदी घातली की वरच्या सोंडेतून भुगा बाहेर. या भागात मोसंबीच्या बागा पुष्कळ. फळं उतरली की छाटणी होते, फांद्यांचे ढीग पडतात, आणि ते बांधावर नेऊन पेटवायचे ही पूर्वीपासूनची रीत. आता धूर करायला लोक कचरतात. शिवाय तोच भुगा झाडाच्या बुडाशी अंथरला तर ओल टिकते, हेही सगळ्यांना कळलं आहे. पण एका बागेला हे काम वर्षातून एकदाच, त्यासाठी कुणी मशीन विकत घेणार नाही. म्हणजे ते भाड्यानंच लागणार, आणि भाड्यानं म्हटलं की कडुबा.

जालना रोडला राजेंद्रचं अवजारांचं दुकान आहे. तिशीतला चुणचुणीत माणूस, बोलायला गोड. त्याच्या आवारात अशी तीन मशीनं ओळीनं उभी होती, एक लहान, एक मधलं आणि एक दांडगं. कडुबा कृष्णाला बरोबर घेऊन गेला, आणि गेला तो खांद्यावर पोतं टाकूनच. पोत्यात मोसंबीची ओली फांदी होती, वाळलेली बाभूळ होती, डाळिंबाची काटेरी कांडकी होती आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांची एक पेंढी होती. राजेंद्रनं हसून रंगीत माहितीपत्रक पुढे केलं. कडुबानं ते कृष्णाकडे दिलं आणि राजेंद्रच्या हातात पोतं दिलं.

मग जे सुरू झालं ते राजेंद्रनं जन्मात पाहिलं नव्हतं. कडुबा आधी मशीनखाली आडवा झाला आणि ग्रीस मारायच्या जागा कुठे कुठे आहेत ते बोटानं चाचपून आला. ज्या जागी ग्रीसची पिचकारी सहज पोचत नाही त्या जागी कुणी ग्रीस मारत नाही, हे त्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. पाती गावातल्या लेथवाल्याकडे धार लावून मिळतील का, की दर वेळी पुण्याहून मागवायची? मध्येच लोखंडाचा खिळा आला तर आधी काय तुटेल, स्वस्तातला बोल्ट की महागातला दांडा? पऱ्हाटीची साल रोलरला गुंडाळली तर रोलर उलटा फिरतो का? शेवटी मशीन बंद आहे ना, असं तीनतीनदा विचारून तो तोंडाशी पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटं पात्यापर्यंत पोचली नाहीत तेव्हा तो उठला. पोचली असती तर ते मशीन फुकट दिलं तरी त्यानं घेतलं नसतं. असं त्यानं तिन्ही मशीनांचं केलं, आणि दुपारचा चहा दोनदा होऊन गेला.

मधल्या मशीनची पाती बाहेरून मागवावी लागत होती, म्हणून ते बाद झालं. लहान मशीन अडीच इंचापर्यंतची फांदी घ्यायचं. ते चांगलं होतं, पण त्याच्याकडे बघून कडुबाचा हात काही शिवशिवला नाही. दांडगं मशीन सहा इंचांचं. त्याचे रोलर फांदीला स्वतःच आत ओढून घ्यायचे. कडुबानं त्यात बाभळीचं खोड घातलं, जे फोडताना त्याच्या कुऱ्हाडीची धार गेली होती ते, आणि मशीननं ते गाजरासारखं खाल्लं. कडुबा जागच्या जागी उभा राहिला. खरं सांगायचं तर तो पाघळला. पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरला हे जरा जड जाईल अशी शंका कृष्णानं काढली, तर राजेंद्र म्हणाला की बसतं, टेन्शन घ्यायचं काम नाही. मोसंबीच्या हंगामात एकदा चालवून तर पाहा, असं म्हणून त्यानं दांडगं मशीन दोन दिवस वापरायला दिलं. पटलं तर ठेवायचं.

वापरून पाहायला बागही हाताशी होती. शहरात बँकेतली नोकरी करून निवृत्त झालेले श्रीधरराव आठवड्यातून तीन दिवस गावाजवळच्या आपल्या बागेत येऊन राहतात. त्यांची मोसंबी जुनी झाली होती, आणि या वर्षी चांगली सडकून छाटणी करायची होती. एक काडीही न पेटवता सगळ्याचा भुगा करून मिळेल म्हटल्यावर ते एकदम तयार झाले.

फांद्या कापायला दोन गडी होते. पण त्या ओढून मशीनपर्यंत आणायला जास्त माणसं लागतात, आणि ती कडुबाकडे होतीच. सारजाबाई आणि तिच्या टोळीतल्या सात-आठ बाया कित्येक वर्षं त्याच्या कामावर येत होत्या. मळणीला त्याच, कापूस वेचायला त्याच, छाटणीलाही त्याच. सारजाबाई कडुबाहून थोडी मोठी. दोघांच्या आया एकाच रानात खुरपायला जायच्या. त्यामुळे सारजाबाई त्याला अरेतुरे करते आणि तो तिला आक्का म्हणतो. तिचा शब्द टोळीतली कुणी मोडत नाही.

पहिला दिवस म्हणजे नुसती जत्रा होती. कडुबानं सकाळीच सगळ्यांना बजावलं, पदर खोचायचे, फांद्या आखलेल्या रेघेपाशी टाकायच्या, रेघेच्या आत फक्त तो आणि दोघे गडी. मग त्यानं पीटीओ सुरू केला. बारीक, जाड, वाकडी, सरळ, काय येईल ते मशीन गिळत होतं आणि सोंडेतून पिवळसर भुग्याचा फवारा उडत होता. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघत होते. सगळ्या बागेत मोसंबीच्या सालीचा वास भरला होता. संध्याकाळी बाग अशी स्वच्छ झाली की अंगणात बसावं. श्रीधररावांनी भुगा ओंजळीत घेऊन पाहिला आणि ते खूश झाले. कडुबाला तर आपण पंचविशीत असल्यासारखं वाटत होतं.

बाया निघायच्या वेळी जरा घोटाळल्या. कमरेला खोचलेल्या दोऱ्या त्यांनी काढल्या होत्या, डोक्यावर ठेवायच्या चिंध्यांच्या चुंबळी हातात घेतल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोऱ्या परत कमरेला खोचल्या. कडुबा तेव्हा पात्यांवर हात फिरवून ती गरम झालीत का ते बघत होता. सारजाबाई जवळ आली आणि मशीनकडे बघत म्हणाली, "कडुबा, तुझ्या मशीनचं पोट लई मोठं हाय रे."

कडुबा मनापासून हसला. अजून बाभूळ कुठं घातलीय, असं म्हणाला. ती गेल्यावर त्यानं राजेंद्रला फोन करून सांगितलंसुद्धा, की आमच्या आक्कालाही मशीन पसंत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रॉली घेऊन मारुतीच्या पाराशी गेला. तिथं कुणीच नव्हतं. थोडा वेळ थांबून तो घरोघर फिरला. एकीचा गुडघा दुखत होता. एकीकडे पाहुणे येणार होते, केव्हा ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. एकीनं दारातूनच डोकं धरून दाखवलं. सारजाबाई हौदावर गोधड्या धूत होती. थंडी आली ना, धुवायला पाहिजेत, म्हणाली. बोलली हसूनच. उद्या येता का, असं विचारल्यावर उद्याचं उद्या बघू म्हणाली आणि पुढची गोधडी पाण्यात दाबली.

तो आणि दोघे गडी, तिघांनीच फांद्या ओढल्या. मशीन चाललं कमी आणि उभं राहिलं जास्त. उन्हं चढली तसे दोघे गडीही कंटाळले. श्रीधरराव दोनदा येऊन ढिगाकडे बघून गेले. कडुबाच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. बाया मशीनच्या आवाजाला भ्याल्या का? शेंद्र्याच्या कुठल्या कंपनीच्या कँटीनला लागल्या का? त्यानं शेजारच्या गावातल्या दुसऱ्या टोळीला निरोप धाडला, तर तिकडच्या मुकादमणीनं, आमच्या बायांना वेळ नाही, असं उत्तर पाठवलं. म्हणजे काय झालं ते तिकडेही कळलं होतं, फक्त कडुबालाच कळलं नव्हतं. एवढं मोठं मशीन निवडलं, पण फांद्या ओढायला माणूस नाही, तर ते लिंबाखाली ट्रॅक्टरच्या शेजारी उभं करायचं आणि आपण गेटवरच्या खुर्चीत जाऊन बसायचं, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर येत होतं.

त्याची बायको सिल्लोडला लेकीकडे नातवाच्या कौतुकाला गेली होती. ती घरी असती तर तिनं पहिल्याच संध्याकाळी त्याचे डोळे उघडले असते. ती नव्हती म्हणून एक दिवस जास्त लागला. संध्याकाळी अंगभर भुगा आणि कानात मशीनचा आवाज घेऊन तो घरी आला आणि त्यानं रूपालीला आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं.

"मामा, गॅसवर ठेवू का?" रूपालीनं विचारलं. "जळतण सरलं. दरसाल ह्या दिवसांत तुम्हीच बागेतून ट्रॉलीत टाकून आणता ना. औंदा नाय आणलं?"

कडुबा खांद्यावर टॉवेल टाकून तसाच उभा राहिला.

बागेची छाटणी असली की संध्याकाळी प्रत्येक बाईनं एक मोळी न्यायची, हे या भागात कुणी कुणाला सांगत नाही. ते मजुरीत धरत नाहीत आणि मालकही देतो म्हणत नाही. बारीक काटक्या बांधावर पेटवायच्या, मनगटाएवढं जाड लाकूड बायांचं. घरात गॅस आहे, पण हिवाळ्यात घरभर माणसांच्या आंघोळीचं पाणी आणि रोजच्या भाकरी सिलिंडरवर करायच्या म्हटलं तर ते महिन्याला कसं पुरणार? मोसंबीचं लाकूड निबर, धूर कमी करणारं. छाटणीच्या दिवसांत जमवलेलं सरपण होळीपर्यंत जातं. आणि हे कडुबाला ठाऊक नव्हतं का? त्याच्या आईच्या डोक्यावरच्या मोळीतली एक काडी ओढून घोडा घोडा करत तो तिच्या मागून घरी यायचा. त्याच मोळीवर तापलेल्या पाण्यानं त्याचं डोकं धुतलं जायचं. काल संध्याकाळी सात-आठ बाया दोऱ्या घेऊन त्याच्या समोर उभ्या होत्या, आणि हा पठ्ठ्या पाती गरम झालीत का ते बघत होता.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. जगातल्या प्रत्येक वस्तूला हात लावून बघणारा माणूस, आणि रिकाम्या चुंबळी त्याला दिसल्या नाहीत. रूपालीला त्यानं गॅस लावू दिला नाही. थंडगार पाण्याच्या तीन बादल्या त्यानं शिक्षा म्हणून अंगावर ओतून घेतल्या आणि दात वाजवत जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सारजाबाईच्या घरी गेला. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. चुलीत पऱ्हाट्या होत्या, आणि त्या भसाभसा जळून जात होत्या म्हणून ती एका हातानं त्या सारख्या पुढे सारत होती. कडुबा उंबऱ्यावर बसला. आक्का, मी विसरलो, एवढंच त्याला बोलता आलं. सारजाबाईनं भाकरी उलटली.

"इसरलास व्हय?" ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुला मोळी बंद करायचीय अन् तोंडानं सांगायला जड जातंय. म्हणून आम्हीच आलो नाय. तुला कशाला अडचणीत टाका."

"मग मागायची ना आक्का. मी नाय म्हणलो असतो का?"

"मोळी मागायची नसती, कडुबा. ती असती."

सारजाबाईनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्यानं तो बशीत ओतून संपवला. आजपासून जाड ते तुमचं आणि बारीक ते मशीनचं, असं तो म्हणाला. सारजाबाई हसायला लागली. त्याचा स्वभाव तिला लहानपणापासून माहीत होता. जाड म्हणजे केवढं? प्रत्येक फांदी हा हातात घेणार, दाबणार, वाजवणार, आणि बाया मोळी बांधायच्या सोडून याच्या तोंडाकडे बघत बसणार. ती उठली. आरशाशेजारच्या खिळ्याला कासाराकडून आणलेल्या डझनातल्या उरलेल्या हिरव्या बांगड्या अडकवलेल्या होत्या. त्यातली एक काढून तिनं त्याच्या तळहातावर ठेवली.

"हिच्यातून जाईल ते तुझं," ती म्हणाली. "अडकंल ते आमचं."

कडुबानं बांगडी रुमालात गुंडाळली, रुमाल सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, आणि कृष्णाची सुट्टी होती म्हणून त्याला घेऊन, मागे दांडगं मशीन लावून, थेट जालना रोड गाठला. वाटेत त्यानं प्रत्येक खड्ड्याला छातीवर हात धरला. बापाच्या छातीत दुखतंय की काय, या काळजीनं कृष्णा अर्धा झाला.

मशीन परत येताना बघून राजेंद्रचा चेहरा उतरला. काही बिघडलं का, गॅरंटीत करून देतो, असं तो म्हणू लागला. कडुबानं त्याला सांगितलं की मशीनमध्ये काही खोट नाही, उलट ते फार चांगलं आहे, तेच तर वाईट झालं. मग तो ओळीतल्या लहान मशीनपाशी गेला, खिशातून रुमाल काढला, रुमालातून बांगडी काढली आणि मशीनच्या तोंडाशी धरली. दुकानातली पोरं कामं सोडून गोळा झाली. राजेंद्रला सगळी हकीकत सांगावी लागली, आणि ती ऐकून झाल्यावर तो आत जाऊन मापाचं अवजार घेऊन आला.

"सव्वादोन," त्यानं वाचलं. "काका, मशीन अडीचचं. बांगडीतून जाणारी फांदी हे डोळे मिटून खाईल."

डोळे कुणी मिटायला सांगितले नव्हते. कडुबानं याही वेळी बरोबर आणलेल्या पोत्यातल्या फांद्या काढल्या, एकेक बांगडीतून घालून पाहिली, गेली तीच मशीनमध्ये घातली. ओली मोसंबी गेली, डाळिंब गेलं, पऱ्हाटीची पेंढी गेली. पंचेचाळीसचा ट्रॅक्टर गुणगुणत होता, कालपरवासारखा धापा टाकत नव्हता. ग्रीसची एक जागा अडचणीची निघाली. तिथं नळी जोडून बाहेर काढून द्यायची आणि पात्यांचा एक जोड वरून द्यायचा, हे कडुबानं राजेंद्रकडून कबूल करून घेतलं. बांगडी बघून मशीन घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहतोय, असं राजेंद्र म्हणाला. पण म्हणताना त्याचं समाधान झालेलं दिसत होतं, कारण ते लहान मशीन त्याच्याकडे बरेच दिवस पडून होतं.

कृष्णा मात्र कुरकुरत होता. सगळे मोठं मशीन घेतात आणि आपण लहान घेतोय, हे त्याला पटत नव्हतं. त्याचा मुद्दा चुकीचा होता असंही नाही. परत येताना, हर्सूलच्या पुढे, त्यानं विचारलंच. "आबा, उद्या कुणी मोठं मशीन आणून तुमच्यासमोर उभं केलं तर?"

"आणू दे की," कडुबा म्हणाला. "मशीन तो आणंल. बाया कुठून आणंल?"

ठेकेदाराला काय सांगायचं ते कृष्णा मनात जुळवू लागला असावा.

श्रीधररावांना सांगणं कडुबाला जास्त अवघड वाटत होतं. सगळ्याचा भुगा करून देतो, असा शब्द त्यानं दिला होता, आणि आता जाड लाकूड बाजूला जाणार होतं. तो हात जोडूनच बोलायला लागला. श्रीधररावांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. दरवर्षी बाया मोळ्या नेताना त्यांनी पाहिलं होतं. या वर्षी कुणी नेलं नाही तेव्हा त्यांना वाटलं, घरोघर गॅस आला, आता लोकांना लाकूड नको असेल. जाड लाकडाचा भुगा कुजायला वेळ लावतो आणि त्याला वाळवीही लागते, तेव्हा ते गेलेलंच बरं, असं ते म्हणाले. मग जरा संकोचून त्यांनी विचारलं की बागेतल्या घरात त्यांचा एक जुना तांब्याचा बंब आहे, तेव्हा एक मोळी त्यांनाही मिळेल का. कडुबानं ते सारजाआक्काला विचारून सांगतो म्हटलं.

आक्कानं मंजूर केलं.

काचेची बांगडी रानात टिकायची नाही, म्हणून कडुबानं गावातल्या वेल्डरकडून त्याच मापाचं सळईचं कडं करून घेतलं. वेल्डरला त्यानं ते तीनदा परत करायला लावलं. दोनदा किंचित मोठं झालं होतं आणि एकदा लहान. मूळ बांगडी त्यानं सारजाबाईला परत नेऊन दिली. तिनं ती लगेच हातात चढवली.

सकाळी पाराशी सगळ्या बाया हजर होत्या. गुडघा बरा झाला होता, पाहुणे आले नव्हते, डोकंही उतरलं होतं. बागेत कडुबानं पुन्हा रेघ आखली, पुन्हा पदर खोचायला लावले. रेघेपासून लांब, जांभळीच्या सावलीत सारजाबाई कडं घेऊन बसली. अडकलेली फांदी तिच्या डाव्या हाताला पडायची, सुटलेली उजव्या हाताला. पहिला तासभर सगळ्यांना गंमत वाटली, नंतर बायांना नुसत्या नजरेनंच कळू लागलं. लहान मशीन दांडग्याइतकं झपाट्यानं चालत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. दुपारी शेजारच्या बागेचा मालक येऊन उभा राहिला आणि आपल्याकडे कधी येणार म्हणून विचारून गेला. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांचे फोन आले. कृष्णानं शेंद्र्याहून रूपालीला कळवलं की आबांना सांग, गेटवर दुसरा माणूस लागला.

उन्हं उतरली तशी मोळ्या बांधायची घाई सुरू झाली. एक मोळी श्रीधररावांच्या बंबासाठी त्यांच्या ओट्यावर गेली. एक सारजाबाईनं न विचारताच ट्रॉलीत टाकली. रूपालीच्या चुलीला, म्हणाली. शेवटी तिच्या हातात एकच फांदी राहिली. मोसंबीची, सरळ, निबर, दोन दिवस भाकरी होतील अशी. तिनं कडं फांदीच्या बुडाकडून घातलं. ते थोडं आत गेलं आणि सालीवर थांबलं. जोर लावला असता तर गेलंही असतं. बायांचे हात थांबले. फांदी मशीनची की मोळीची, हे आता कडुबानं ठरवायचं होतं, आणि तो कसा ठरवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो येणार, फांदी हातात घेणार, दाबणार, वाजवणार, कडं फिरवून फिरवून बघणार आणि सगळ्यांना इथंच अंधार करणार.

"कडुबा, ही बघ रे," सारजाबाईनं हाक मारली. "जाती का अडकती?"

कडुबा ट्रॅक्टरच्या मागे वाकून दांड्याला ग्रीस मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

"अडकली," तो म्हणाला.

"हात तर लावून बघ."

"आक्का, अडकली म्हणलं ना."

सारजाबाईनं ती फांदी आपल्या मोळीत खोचली, दोरी आवळली, डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि उद्या ट्रॉली जरा लवकर आण, असं सांगून ती वाटेला लागली.